काकूचा रुसवा

बाबांना लाल रंग दिसत नाही, ही गोष्ट जगात तीनच माणसांना माहीत होती: बाबांना, आईला आणि लेकीला. आजूबाजूच्या चार रस्त्यांवरचे निम्मेअधिक दरवाजे आणि भिंती बाबांनीच रंगवलेल्या असल्यामुळे ती चौथ्याला कळणं परवडण्यासारखं नव्हतं.

लाल अगदीच दिसत नसे असं नाही. दिसे, पण झोपलेला दिसे. पिकलेला टोमॅटो त्यांना मातीच्या ढेकळासारखा वाटे, आणि लाल स्वेटर घातलेला माणूस त्यांच्या लेखी चॉकलेटी स्वेटर घालून फिरे. जांभळ्याचा तर प्रश्नच मिटलेला होता. त्यातला लाल गळून पडायचा आणि उरायचा तो निळा. "जांभळा म्हणून काही नसतंच," ते घरात म्हणायचे. "तुम्ही सगळ्यांनी मिळून माझी चालवलेली चेष्टा आहे ती." बाहेर मात्र मान तिरकी करून, एक डोळा बारीक करून ते भिंतीकडे असे काही बघत की गिऱ्हाइकाला वाटावं, हा माणूस रंगाच्या पोटात शिरून आलाय. त्या वेळी त्यांच्या मागे शिडीला हात लावून आई उभी असे. लोक म्हणत, पेंटरबुवा इतके घाबरट की शिडी धरायला बायकोला आणतात. घाबरट म्हटलेलं बाबांना चालत होतं.

कामाची रीत ठरलेली होती. आधी बादलीत पांढरा. मग निळा स्टेनर, म्हणजे छोट्या बाटलीतला घट्ट रंग. निळा बाबांना चांगला दिसे, तो ते बिनचूक घालत. त्यानंतर लाल स्टेनर, आणि इथून पुढचा कारभार आईचा. बाबा बारीक धार सोडत ढवळायचे, आई बघायची, आणि वेळ आली की म्हणायची, "अहो, बस." गिऱ्हाईक समोर असलं तर ती नुसती खोकायची. एकदा तिला खरोखरचा खोकला झालेला असताना एका न्हाव्याचं दुकान ठरल्यापेक्षा बरंच फिकं झालं, पण न्हाव्याला ते आवडलं.

रंगांच्या तक्त्यावरची छापील नावं आईला पटत नसत. "लव्हेंडर म्हणे. पाहिलंय कोणी?" तिची नावं वेगळी होती. निळ्याच्या सगळ्यात जवळचा जांभळा म्हणजे 'खिशात फुटलेलं पेन'. त्यात लाल थोडा वाढला की 'हेडमास्तरांचं थंडीतलं नाक'. आणखी वाढला की 'परवा पडला होता'. पांढरा भरपूर घालून गुलाबीकडे गेलेला असेल तर 'हो म्हणू की नको'. आणि जरा राखट, मलूल, तोंड वळवून बसलेला जो जांभळा असतो, तो 'काकूचा रुसवा'. लेकीची काकू, म्हणजे आईची थोरली जाऊ, एका लग्नात नेमक्या त्याच रंगाचे कपडे घालून आली होती. फोटोत तिला मागच्या रांगेत उभं केलं, तेव्हा जी रुसली ती अजून पुरती निवलेली नाही. या रंगात लालच्या आधी चिमूटभर पिवळाही पडे. नुसता गोड रुसवा काय कामाचा, असं आईचं म्हणणं. बाबांना रंग दिसत नसला तरी नाव ऐकलं की पांढरा किती, निळा किती, पिवळा किती, सगळं हातात यायचं. लालचं तेवढं आईवर.

चष्म्याच्या दुकानातल्या बसायच्या खोलीसाठी चष्मेवाल्यांनी तक्त्यावर बोट ठेवलं ते बरोब्बर काकूच्या रुसव्यावर. तीन भिंती झाल्या. चौथी भेगा बुजवायची पांढरी लांबी भरून, घासून ठेवली, आणि आई आजारी पडली. मग ती गेली.

चौथी भिंत तशीच पांढरीफटक राहिली. चष्मेवाल्यांनी तिच्यावर एक फुलाफुलांची चादर टांगली आणि एका शब्दानंही विचारलं नाही. कित्येक आठवडे गिऱ्हाइकं चादरीकडे बघत आपल्या चष्म्याची वाट पाहत बसली.

लेक दुसऱ्या शहरात, पुस्तकं काढणाऱ्या एका कचेरीत मुद्रितं तपासायची. दुसऱ्यांच्या चुका शोधणं हाच तिचा धंदा असल्यामुळे घरात तिच्यासमोर पत्र लिहायला कोणी बसत नसे. आई गेल्यापासून ती बाबांच्या मागे लागली होती की आता पुरे, माझ्याकडे या, मागची खोली रिकामी केली आहे. बाबा हं हं करत राहिले. मग एक दिवस फोनवर म्हणाले, "ती एक भिंत राहिलीय. जमली तर काम चालू ठेवतो. नाही जमली तर ब्रश धुऊन ठेवतो आणि येतो तुझ्या त्या खोलीत."

'त्या खोलीत' हे शब्द त्यांनी असे उच्चारले, की मांजर न्यायच्या, भोकं पाडलेल्या खोक्याबद्दल बोलताहेत असं वाटावं. म्हणजे भिंत बिघडली की लेकीच्या मनासारखं होणार होतं. तिनं रविवारची गाडी पकडली ती मात्र भिंत बिघडू नये म्हणून, आणि याचं काय करायचं ते तिलाही वाटेत ठरवता आलं नाही.

"या ताई," चष्मेवाल्यांनी दुकानाचं दार उघडलं. "तुम्ही शिडी धरायला?"

"हो. आमच्या घराण्यात चालत आलंय."

"आणि पेंटरबुवा, आज तरी तुमचे डोळे तपासू द्या. फुकट. अशी नजर मी माझ्या आयुष्यात पाहिली नाही. तुमचा फोटो लावतो दारावर."

"डॉक्टर, चालत्या गाडीचं इंजिन उघडू नये," बाबा म्हणाले. चष्मेवाले डॉक्टर नव्हते. पण तसं म्हटलं की ते विषय सोडून टाय नीट करत, हे बाबांना ठाऊक होतं.

खोलीत कोपऱ्यात रंगीत ठिपक्यांचा तो तक्ता होता, ज्यात नीट डोळ्यांच्या माणसाला आकडा दिसतो. बाबांनी सवयीनं त्याच्याकडे पाठ केली. पहिल्या भिंतीच्या वेळी चष्मेवाल्यांनी तो त्यांच्या समोर धरला होता. "यात किती दिसतात?" "चौऱ्याहत्तर," आई शिडीमागून म्हणाली. "वहिनी, मी त्यांना विचारलं." "ते कामात आहेत. त्यांना आकडे विचारले की भिंत वाकडी होते."

चष्मेवाले आतल्या खोलीत काचा घासायला गेले आणि बापलेकींनी चादर काढली.

पहिला घोळ बाटलीपासूनच झाला. लाल स्टेनरच्या बाटल्या दोन होत्या. एकातला लाल गुलाबीकडे झुकलेला, दुसऱ्यातला नारिंगीकडे. जांभळ्याला पहिलाच लागतो. दुसऱ्यात पिवळा लपून बसलेला असतो, आणि तो निळ्याला भेटला की सगळ्याचा चिखल होतो. आईनं ओळखायला एका बाटलीच्या गळ्यात रबरबँड घातला होता. तो वाळून तुटून गेला होता, आणि बाटलीत घट्ट असताना दोन्ही लाल सारखेच काळपट दिसत होते. लेकीनं मोठ्या आत्मविश्वासानं एक उचलून दिली. बरं झालं, बाबांनी आधी डब्यात थोडासाच रंग करून बघितला.

"कसा आलाय?"

"तपकिरी."

"काकूसारखा नाही?"

"काकूच्या कॉफीसारखा आहे."

"मग दुसरी बाटली दे, आणि तिला काहीतरी बांध."

लेकीनं आपल्या वेणीचा बो काढून बाटलीला बांधला. आता बादलीत खरं काम सुरू झालं. पांढरा, निळा, चिमूटभर पिवळा. मग लालची धार. लेक बादलीवर वाकली. निळ्यात लाल उतरायला लागला तसा रंग हळूहळू कूस बदलायला लागला. फुटलेलं पेन गेलं, हेडमास्तर येऊन गेले. तिनं एकदा भिंतीकडे बघितलं, एकदा बादलीकडे. आता. "बस," ती म्हणाली आणि पुठ्ठा आणायला वळली.

ओला रंग वाळला की गडद होतो, म्हणून पुठ्ठ्यावर एक हात मारून तो वाळवायचा आणि मग भिंतीला लावून बघायचा. वाळवायला आईचा केस सुकवायचा पंखा पिशवीत असायचा. त्याला अजून तिच्या तेलाचा वास येत होता. लेकीनं तो पुठ्ठ्यावर धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. मग पुठ्ठा तयार भिंतीला टेकवला.

"काय?"

"लाल जास्त झाला. हा रुसवा नाही. हिला आता कोणीतरी काहीतरी बोललंय."

पडलेला लाल परत काढता येत नाही, ही या धंद्यातली खरी खोड. मग वाढवायचा तो पांढरा आणि निळा. बाबांनी वाढवला. पुन्हा लाल, पुन्हा लेकीचं "बस", पुन्हा पंखा. पुन्हा काकू भडकलेली. पुन्हा पांढरा, पुन्हा निळा. बादली काठोकाठ भरली. अर्धा रंग दुसऱ्या बादलीत काढला.

चष्मेवाल्यांनी डोकावून पाहिलं. "बराच करताय रंग."

"दोन हात द्यावे लागतात, डॉक्टर."

"दोन हात कसले, एवढ्यात माझ्या सासऱ्यांचं घर होईल. त्यांना चालेलसं नाही, पण होईल."

ते गेल्यावर लेकीनं डोळे चोळले. तिला काही कळेना. ती बरोबर क्षणी थांबवत होती. बादलीतला रंग पाहिजे तसा झालेला तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला होता. पुठ्ठा घेऊन येईपर्यंत तो वेगळाच झालेला असायचा, जसं काही तिनं पाठ वळवली की काकूला कोणीतरी चिडवून जात होतं. आईला हे जमायचं आणि मला जमत नाही, असं तिच्या मनात आलं. त्यापुढे आणखीही काही आलं असतं, पण तिनं पुठ्ठा खिडकीशी नेऊन उगाच तिसऱ्यांदा बघितला.

दुपारी चष्मेवाले पाण्याचे दोन पेले घेऊन आले आणि पेले ठेवल्यावरही तिथेच उभे राहिले. "पेंटरबुवा, मी आपलं सुचवतो हां. चौकातल्या दुकानात मशीन आलंय. भिंतीचा एवढासा टवका न्यायचा. ते बघतं आणि जसाच्या तसा रंग देतं. तुम्ही नुसता हात मारा. तुमचा त्रास वाचेल."

"चांगली सोय आहे," बाबा म्हणाले.

त्यांनी स्टेनरच्या बाटलीचं झाकण फिरवून घट्ट केलं. मग पालथ्या डब्यावर बसून पाणी प्यायले. चष्मेवाल्यांना आपण काहीतरी वेडंवाकडं बोललो असं वाटलं, पण काय ते कळेना, म्हणून ते आत गेले.

"तुझ्या त्या खोलीला खिडकी आहे ना?" बाबांनी विचारलं.

"आहे."

"समोर काय दिसतं?"

"समोरची इमारत."

"कोणत्या रंगाची?"

"पिवळट."

"मग ठीक. पिवळा मला दिसतो."

लेकीनं पेला खाली ठेवला. ज्यासाठी ती इतके दिवस बाबांच्या मागे लागली होती ते आता समोर येऊन बसलं होतं, आणि तिला ते मुळीच नको होतं.

"बाबा, एकदा शेवटचं करू."

"कशाला त्या काकूला छळतेस."

"तिनं आपल्याला कमी छळलंय का? उठा."

बाबा उठले. पांढरा, निळा, चिमूटभर पिवळा. या वेळी लेकीनं पुठ्ठा आधीच काखेत धरून ठेवला होता, म्हणजे पुन्हा धावाधाव नको. बाबांनी धार सोडली. लेक बघत राहिली. "बस."

धार थांबली. बाबांनी बाटली सरळ केली. मग बाटलीचा गळा बादलीच्या काठावर टक् करून आपटला. लालचा एक जाड ओघळ आत पडला, आणि बाबांनी तो तीन वेळा ढवळून समाधानानं काठी वर काढली.

"हे काय केलंत?"

"काय केलं?"

"बस म्हटल्यावर काय केलंत?"

"बाटलीचं तोंड पुसलं."

"बादलीत?"

"मग काय तुझ्या चपलेवर? नेहमीच पुसतो. तुझी आई होती तेव्हाही पुसायचो."

"ती काही म्हणायची नाही?"

"तिचं कुठे लक्ष? ती भिंतीकडे बघत असायची."

आईचं लक्ष नाही अशी एखादी गोष्ट लेकीनं जन्मात पाहिलेली नव्हती. बंद दाराआड कोणी साखरेचा डबा उघडला तरी आईला शेजारच्या घरात कळायचं. ती बादलीकडे बघत उभी राहिली आणि तिला सरळ दिसलं की आई इतकी वर्षं 'बस' तेवढं आधी म्हणत होती. त्या एका ओघळापुरतं आधी. आणि बाबा तो ओघळ टाकून, रंग आपल्या हातानं पुरा केल्याच्या थाटात, काठी वर काढत होते.

आता सांगणं सोपं होतं. बाबा, ते आपटू नका, एवढंच. मुद्रितात चूक दिसली की ती खूण करून मोकळी होत असे, आणि त्या रात्री तिला छान झोप लागत असे. पण तिनं बाबांच्या हातातल्या बाटलीकडे बघितलं, तिच्या गळ्यातला आपला बो बघितला, आणि म्हणाली, "लाल जास्त झाला. पांढरा वाढवा."

"पुन्हा?"

"पुन्हा."

हे मात्र आधीपेक्षा कितीतरी अवघड निघालं. भिंतीसारखा रंग आला की थांब म्हणणं कोणालाही जमेल. आता तो आलेला नसताना, येण्याच्या बेतात असताना म्हणायचं होतं. समोर बादलीत हेडमास्तर उभे, आणि त्यांच्यात तिला अजून न रुसलेली काकू बघायची होती. धार पडत राहिली.

"बस."

बाबा थबकले. "एवढ्यात?"

"बस म्हटलं ना."

बाबांनी तिच्याकडे एकदा बघितलं. मग बाटली सरळ केली. टक्. ओघळ पडला. काठी तीनदा फिरली.

पंखा चालला, पुठ्ठा वाळला. लेकीनं तो भिंतीला टेकवला, आणि तेवढ्यात चष्मेवाले हात पुसत बाहेर आले. "झाला का? लावा बघू पुठ्ठा भिंतीला."

"लावलाय," लेक म्हणाली.

चष्मेवाल्यांनी चष्मा कपाळावर सारला, पुन्हा नाकावर आणला आणि जवळ आले. त्यांना पुठ्ठ्याची कड सापडायला बोटानं चाचपडावं लागलं. "म्हणून म्हणतो," ते शेवटी म्हणाले, "पेंटरबुवा, तुमचा फोटो दारावर लागलाच पाहिजे."

बाबांनी मान तिरकी केली, एक डोळा बारीक केला आणि त्यांच्या लेखी निळ्या असलेल्या त्या भिंतीकडे, तिच्यातली शेवटची खोड जोखत असल्यासारखं, ऐटीत बघितलं. लेकीला हसू आवरायला खोकावं लागलं.

पहिला हात सुरू झाला. बाबा शिडीवर, लेक खाली शिडी धरून. रोलर वरखाली फिरत होता आणि पांढरी भिंत काठाकडून झाकली जात होती.

"या खेपेला तू लवकर म्हणालीस," बाबा वरून म्हणाले.

"हं."

"तुझी आईपण लवकरच म्हणायची."

लेकीनं वर बघितलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"मला लाल दिसत नाही. ऐकू येतं ना. एखादी बाई बस म्हणते ते पुरे झालं म्हणून की थोडी जागा ठेवून, ते कळतं. ती जागा ठेवायची. मी भरायचो. नाहीतर सगळे रंग फिके पडले असते."

"पण तुम्ही तो ओघळ टाकता म्हणून ती लवकर म्हणायची."

"छे. ती लवकर म्हणायची म्हणून मी टाकायचो."

"मग सुरुवात कोणी केली?"

"तिनं."

"तिला विचारलंत कधी?"

"कशाला? चाललं होतं की."

"आणि मग सकाळपासून मी चुकतेय ते बोलला का नाहीत?"

"मला काय ठाऊक चुकतेयस? मला वाटलं, तूही जागा ठेवतेयस." त्यांनी रोलर ट्रेमध्ये फिरवला. "आवाज तिच्यासारखाच आहे तुझा. मी फसलो."

लेकीनं शिडी जरा घट्ट धरली. रोलरचा एक बारीक शिंतोडा तिच्या मनगटावर पडला होता. तो तिनं पुसला नाही.

"शिंप्याला दुकानाचं दार हिरवं करून हवंय," थोड्या वेळानं बाबा म्हणाले. "परवा विचारत होता. मी अजून हो म्हटलेलं नाही."

"का?"

"हिरवा अवघड. तो मला सगळाच्या सगळा चिखल दिसतो. त्यात तुझ्या आईलासुद्धा दोनदा बघावं लागायचं."

"पुढच्या रविवारी मला येता येईल," लेक म्हणाली. "पण हिरव्यांची नावं मला येत नाहीत. आईनं ठेवली होती का?"

"ठेवली होती ना. सगळी तुझ्यावरूनच आहेत."

"माझ्यावरून? कोणती?"

"ती कामाच्या वेळी सांगेन," बाबा म्हणाले. "आत्ता शिडी धर. हलतेय."